मुख्य चालक

कोरल हॅनफर्डने एकतीस वर्षं बेरूकच्या शाळेची बस चालवली आणि एवढ्या वर्षांत बसला एक ओरखडाही आला नाही. हे ती स्वतः कधी सांगायची नाही. तिचा नवरा नेव्ह सांगायचा. क्लबात, पोस्टात, बेकरीत, समोरच्याने विचारलेलं असो वा नसो. नेव्ह रेल्वे फाटकाजवळच्या गव्हाच्या कोठारावर वजनकाट्याला होता. सुगीत ट्रकांची रांग लागली की रांगेतल्या ड्रायव्हरांनाही तो हे ऐकवायचा. "माझी बायको धुळीच्या वादळात, मागे चाळीस पोरं बोंबलत असताना बस सरळ ठेवते. आणि तुला साधा काट्यावर ट्रक नीट लावता येत नाही."

बेरूक हे मॅली नावाच्या कोरड्या गहूपट्ट्यातलं गाव. चहूबाजूंनी गहू, मधूनमधून मिठाची कोरडी तळी आणि त्यांच्या कडेने खुरटी झाडं. डॉक्टर दर मंगळवारी येतो. मोठं इस्पितळ सत्तर किलोमीटरवर, स्वान हिलला.

साखरेच्या आजाराने नेव्हचे आधी पाय गेले, म्हणजे त्यांतली जाणीव गेली. ब्रेकवर पाय आहे की नाही हे कळेनासं झालं, तेव्हा त्याने आपणहून लायसन्स परत केलं. त्या दुपारी तो मागच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्यापाशी बराच वेळ नुसता उभा राहिला. घरात आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"असू दे," तो म्हणाला. "तुझे डोळे शाबूत आहेत तोवर मला बेरूकमधून कोणी हलवत नाही."

पुढे त्याची मूत्रपिंडंही थकली. सोमवार, बुधवार, शुक्रवार असं आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. पहाटे पावणेसहाला निघायचं, सातला तो त्या खुर्चीत बसायचा आणि साडेबाराला सुटायचा. इस्पितळातल्या नर्सबाईंनी दोनदा सुचवून पाहिलं की बेंडिगोला राहायला जा, तिथे सगळं जवळ मिळेल. नेव्ह त्यांना म्हणाला, "बाई, माझ्या कोंबड्यांना ते शहर मानवायचं नाही." त्यापुढे तो विषय कोणी काढला नाही. दोन वर्षं कोरलने त्याला नेलं आणि आणलं, एकही दिवस न चुकता.

मग टेगन आली. टेगन म्हणजे त्यांच्या मुलीची, शॉनाची मुलगी. वय एकोणीस. शॉनाने जीलाँगमध्ये नवा संसार मांडला होता आणि त्या घरात पोरीचं नव्या बापाशी पटेना. महिनाभर म्हणून ती आजी-आजोबांकडे आली आणि राहिलीच. गावच्या बेकरीत सकाळची नोकरी धरली, नेटबॉलच्या संघात शिरली, आणि नेव्हशी तिचं असं काही मेतकूट जमलं की कोरलला कधीकधी आपणच पाहुणे आहोत असं वाटायचं. टेगनचं लायसन्स नवं होतं, त्यामुळे गाडीला पुढेमागे लाल अक्षराच्या पाट्या लावाव्या लागत. नेव्ह म्हणायचा, "गाडीला गोवर आलाय."

"पॉप, तुला क्लबात न्यायचं की नाही ते सांग," टेगन आजोबांना म्हणायची.

"न्यायचं. पण झाकून ने. ओळखीचे लोक आहेत."

मार्च महिन्यात कोरलला रस्त्याची मधली पांढरी रेघ वाकडी दिसायला लागली. आधी तिला वाटलं, काच मळली असेल. मग एका सकाळी समोरून ट्रक येत असताना तिला ट्रकच्या दोन्ही कडा दिसल्या आणि मधला भाग दिसलाच नाही. तिथे नुसता धुराचा डाग. नेव्ह शेजारी पेंगत होता. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि ट्रक निघून जाईपर्यंत तशीच थांबली.

पुढच्याच आठवड्यात स्वान हिलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. पडद्याचा मधला भाग झिजत चालला होता, दोन्ही डोळ्यांत.

"कोरल, आजपासून गाडी चालवायची नाही," डॉक्टर म्हणाले. "मला हे लायसन्सच्या खात्याला कळवावं लागेल."

"किती दिवस?"

"दिवसांचा प्रश्न नाही, कोरल," डॉक्टर म्हणाले.

टेगन बाहेर गाडीत वाट पाहत होती. कोरल तिच्या शेजारच्या बाजूला बसली आणि म्हणाली, "तूच चालव." घरी येईपर्यंत तिने नातीला सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "पॉपला यातलं काही कळता कामा नये."

"अगं नॅन, त्याला कळणारच आहे."

"कळेल तेव्हा कळेल. आत्ता नको. आत्ता त्याला सांगितलं तर तो झोपायचा नाही. बेंडिगो, बेंडिगो करत पडून राहील."

घरी तिने गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा धरतोय, क्लच दाबवत नाही, थोडे दिवस पोरगी नेईल. नेव्हला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट पहाटेच्या प्रवासात टेगन रेडिओ मोठ्याने लावायची, तो त्यावर यथेच्छ तोंडसुख घ्यायचा आणि दोघं मजेत जायची. बेकरीच्या मालकिणीनेही सांभाळून घेतलं. टेगन त्याला सोडून परत यायची, साडेआठला कामावर हजर व्हायची आणि दुपारी पुन्हा आणायला जायची.

विम्याची आठवण टेगननेच काढली. बेकरीतल्या एकीच्या भावाने काकांची गाडी ठोकली होती, आणि त्याचं नाव विम्यात नसल्याने मोठा घोळ झाला होता.

"नॅन, माझं नाव आहे ना आपल्या विम्यात?"

नव्हतं. विमा कोरलच्या नावावर होता. वयस्क लोकांना स्वस्तात विमा देणारी एक कंपनी होती, तिच्याकडे ती बरीच वर्षं पैसे भरत आली होती. कागद तिने डोळ्यांसमोर धरून पाहिला, तिरका धरून पाहिला, पण अक्षरं मधोमध विरघळत होती. तेव्हा तिने फोन लावला. नेव्ह जेवणाच्या टेबलाशी टोस्ट खात बसला होता. त्याला दोन्हीकडचं बोलणं ऐकायची भारी हौस, म्हणाला, "मोठ्या आवाजावर ठेव."

पलीकडचा तरुण मुलगा आवाजाने तरी चांगला वाटत होता. बोलणं रेकॉर्ड होत असल्याचं त्याने आधीच सांगितलं. टेगनचं नाव, जन्मतारीख, लायसन्स, सगळं त्याने लिहून घेतलं.

"आणि या गाडीचा मुख्य चालक कोण? म्हणजे आठवड्यात सगळ्यांत जास्त गाडी कोण चालवतं?"

कोरल थांबली. नेव्हने तोंडातला घास गिळला. "तीच की!" तो फोनच्या दिशेने म्हणाला. "एकतीस वर्षं बस चालवली आहे तिने. एक ओरखडा नाही. लिहा."

तो मुलगा हसला. "वा, साहेब. पण उत्तर बाईंनीच द्यायला हवं."

नेव्ह तिच्याकडे पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर तो क्लबातला अभिमान होता, जो गेल्या दोन वर्षांत फारसा दिसायचा नाही.

"मीच," कोरल म्हणाली.

"ठीक. आणि गाडी चालवण्यावर परिणाम होईल असा काही आजार, नजरेचा त्रास, डॉक्टरांनी घातलेलं काही बंधन?"

"नाही."

"छान. मग झालं सगळं."

फोन ठेवल्यावर नेव्हने तिच्या हातावर थोपटलं आणि उरलेल्या टोस्टला मुरंबा लावायला घेतला. कोरल उठून सिंकपाशी गेली. उद्या तो घरात नसताना फोन करून खरं काय ते सांगू, असं तिने मनाशी ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर तिला बरंही वाटलं.

तिने फोन केला नाही असं नाही. पुढच्या बुधवारी, नेव्ह इस्पितळात असताना, तिने फोन लावला. अर्धा तास संगीत वाजत राहिलं. मग एक मुलगी आली आणि तिने पॉलिसीचा नंबर विचारला. कोरलसमोर कागद होता, त्यावर नंबरही होता. तिने खिडकीपाशी जाऊन पाहिलं, भिंग लावून पाहिलं. एक आकडा तीन होता की आठ, ते कळेना.

"बाई, आहात ना तुम्ही?"

"नंतर करते," कोरल म्हणाली.

टेगनला कागद वाचून दाखव म्हणायला हवं होतं. पण मग त्या दिवशी टेबलाशी आपण काय बोललो, तेही तिला सांगावं लागलं असतं. दोन वेळा विषय ओठांवर आला आणि दोन्ही वेळा टेगन नेव्हशी काहीतरी खिदळत होती. एप्रिल गेला. मे गेला. पेरण्या झाल्या. काही घडलं नव्हतं, त्यामुळे काही घडणार नाही असं वाटायला लागलं होतं.

जूनच्या दुसऱ्या शुक्रवारी दाट धुकं होतं. टेगनने नेव्हला इस्पितळात सोडलं आणि ती परत निघाली. बेरूकपासून अठरा किलोमीटरवर, कालव्याच्या वळणापाशी, धुक्यातून एक मोठा कांगारू रस्त्यावर आला. तिने चाक फिरवलं. कांगारू वाचला की नाही ते कोणाला ठाऊक नाही. गाडी कडेच्या झाडावर आदळली आणि बॉनेट पुढच्या आसनापर्यंत आलं.

शेजारची जॉयस धावत आली आणि तिनेच कोरलला आपल्या गाडीत घालून स्वान हिलला नेलं. टेगनच्या गळ्याखालचं हाड मोडलं होतं, दोन बरगड्यांना तडे होते, कपाळावर काचांचे ओरखडे होते. डोळे उघडून तिने पहिलं काय विचारलं, तर, "पॉपला घरी कोण नेणार?"

पॉप तिथून दोन दालनं पलीकडे होता. हातात सुया, बाजूला यंत्र. त्याला अजून साडेतीन तास उठता येणार नव्हतं. ही बातमी त्याला कोरलने सांगितली. त्याने डोळे मिटून घेतले आणि यंत्राच्या आवाजापेक्षाही हळू विचारलं, "जिवंत आहे ना?"

"आहे. बोलतेय."

"मग झालं. गाडीचं काय, विमा आहे."

विमा कंपनीचा माणूस दहा दिवसांनी आला. त्याचं नाव ग्रेग. पन्नाशीचा, जाडसर, वागायला सभ्य. दारात बूट पुसून आत आला आणि कोंबड्यांची चौकशी केली. टेगन तेव्हा घरी आलेली होती, हात गळ्यात बांधलेला. ती इस्पितळात असतानाच त्याचं तिच्याशी फोनवर बोलणं झालं होतं. कोरलने चहा केला, बिस्किटं काढली.

ग्रेगने चहाला हात लावला नाही. "कोरल, एक गोष्ट विचारायची होती. टेगनने मला सांगितलं की मार्चपासून गाडी रोज तीच चालवत होती."

"हो," टेगन म्हणाली. "सोमवार, बुधवार, शुक्रवार, पॉपसाठी. शिवाय बाकीचं सगळं." तिला वाटलं, आपण किती जबाबदारीने वागलो हेच त्याला नोंदवायचं असेल.

"गुडघ्यामुळे," नेव्ह म्हणाला. "बायकोचा गुडघा धरला होता. तात्पुरतं होतं ते."

ग्रेगने फोन टेबलावर ठेवला. "तुमचं बोलणं तुम्हाला ऐकवायला लागतं. नियम आहे."

मग त्या स्वयंपाकघरात कोरलचा आवाज आला. *मीच.* त्याआधी नेव्हचा, तोंडात घास असलेला. एक ओरखडा नाही, लिहा. मग तो मुलगा. नजरेचा त्रास, डॉक्टरांनी घातलेलं काही बंधन? *नाही.*

टेगनने आजीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. कोरलने तिच्याकडे पाहिलं नाही.

ग्रेगने एक कागद पुढे सरकवला. "हे तुमचं निवेदन. वाचून बघा, जे चुकलं असेल ते सांगा, मगच सही करा. घाई नाही."

कोरलने कागद हातात घेतला. सगळे थांबले. कागदाच्या कडेचा पांढरा पट्टा तिला दिसत होता, खालची रेघ दिसत होती.

"चष्मा लाव की गं," नेव्ह म्हणाला.

चष्मा तिने लावलेलाच होता.

नेव्हने ते पाहिलं. त्याने तिच्या चष्म्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि तो कागद तिने उलटा धरलेला नव्हता एवढंच नशीब. त्याने हात लांब करून कागद तिच्या हातातून अलगद काढून घेतला, टेबलावर ठेवला आणि विचारलं, "कधीपासून?"

"मार्चपासून."

"मार्च," तो म्हणाला. "म्हणजे मी तुला रोज पेपर वाचून दाखव म्हणत होतो, तेव्हा."

"तेव्हा."

"आणि तू वाचत होतीस."

"आठवून सांगत होते. रेडिओवर ऐकलेलं."

ग्रेगने हळूच सांगितलं की मुख्य चालक एकवीस वर्षांच्या आतला असेल तर ही पॉलिसी कंपनी देतच नाही. आधी कळलं असतं तर दिली नसती. म्हणून आता दावा मान्य करता येणार नाही. पोरीच्या औषधपाण्याला धक्का लागणार नाही, ते सरकारी विम्यातून होतं. फक्त गाडीचं काही मिळणार नाही. "मला वाईट वाटतं," तो म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटत असावं, कारण जाताना तो आपला पेन विसरून गेला.

तो गेल्यावर टेगन म्हणाली, "मी त्याला सांगायलाच नको होतं."

"तू खरं सांगितलंस," कोरल म्हणाली.

"मला ठाऊक असतं तर मीही तेच सांगितलं असतं ना, जे तू सांगितलं होतंस! मला सांगायचं तरी होतंस नॅन!" ती उठून खोलीत गेली. बरगड्यांमुळे तिला धड रडताही येत नव्हतं.

बेरूकने आपल्या परीने केलं. जॉयसने क्लबाच्या फळ्यावर कागद लावला आणि त्यावर सहा नावं भरली, कोणत्या दिवशी कोण नेणार, कोण आणणार. जुलैचा महिना त्यावर निघाला. नेव्ह प्रत्येकाच्या गाडीत सारखाच ओशाळून बसायचा. पूर्वी जो ट्रकवाल्यांची फिरकी घ्यायचा, तो आता त्यांच्याच शेजारी बसून "तुझा दिवस मोडला रे माझ्यापायी" म्हणायचा. ते म्हणायचे, "गप रे, नेव्ह." पण पहाटे पावणेसहा म्हणजे पावणेसहा, आणि आठवड्यातून तीनदा म्हणजे तीनदा. फवारणी सुरू झाली तशी दोन नावं गळली. एकाला फ्लू झाला. जॉयसच्या नवऱ्याच्या पाठीने दगा दिला.

टेगनने हाड जुळायची वाटही पाहिली नाही. "गाडी मी घेते," ती म्हणाली. "जीलाँगला जाते, दोन कामं करते, एखादी जुनीपानी घेऊन येते. मग मीच नेईन पॉपला. कोणाचे उपकार नकोत." हात गळ्यात असतानाच ती बसने गेली. दर रविवारी फोन करायची. गाड्या मिळत होत्या. अडत होतं ते विम्यावर. एकोणीस वर्षांची, नवं लायसन्स, वर एक अपघात. कोणी नाहीच म्हणायचं, कोणी जो हप्ता सांगायचं तो गाडीच्या किमतीहून जास्त. विम्याशिवाय गाडी घेऊन ये असं म्हणायला कोरलची जीभ रेटत नव्हती. नको म्हणायलाही रेटत नव्हती.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी नेव्हला न्यायला येणारी गाडी आली नाही. ज्याची पाळी होती त्याला वाटलं आज दुसऱ्याची आहे, आणि दुसऱ्याला वाटलं त्याची. कोरल साडेपाच वाजल्यापासून अंगणाच्या फाटकाशी उभी होती. रस्त्यावर दिवे दिसले की तिला ते डागाच्या कडेने दिसायचे आणि तिला वाटायचं, आली. घोळ कळला तोवर इस्पितळातली त्याची खुर्ची दुसऱ्याला दिलेली होती. बुधवारपर्यंत नेव्हच्या छातीत पाणी झालं. त्याला विमानाने शहरातल्या इस्पितळात न्यावं लागलं. सहा दिवसांनी तो परत आला, चेहरा सुजलेला, मनगटं काटकुळी झालेली.

खुर्चीत बसल्यावर त्याने सांगितलं, "कोरल, मी डॉक्टरांशी बोललोय. आता हे बंद करायचं."

"काय बंद करायचं?" तिने विचारलं, कळलेलं असूनही.

"यंत्र."

"आपण बेंडिगोला जाऊ," ती म्हणाली. "उद्या घर विकायला काढू. मी शॉनाला फोन करते. तिथे गाडीच लागत नाही, इस्पितळाच्या दारातच घरं आहेत. नेव्ह, मी येते ना तुझ्याबरोबर. मला काय, मला इथे काय दिसतंय की तिथे दिसणार नाही?"

"आणि मी तिथे काय करू? खिडकीत बसून पार्किंगमधल्या गाड्या मोजू?"

"टेगन येतेय. परवा म्हणाली, दोन आठवडे थांबा. तिने एक गाडी पाहून ठेवली आहे."

"तिला सांग, तुझ्यासाठी घे," तो म्हणाला. "माझ्यासाठी नको."

कोरल त्याच्या पायांशी जमिनीवर बसली. असं ती आयुष्यात कधी बसली नव्हती. "मी त्या दिवशी खरं बोलले असते तर," ती म्हणाली.

"गाडीचा यात काही संबंध नाही गं. मी दमलोय."

दमला होता हे खरंच होतं. पण बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याला एकदाही धड खोटं बोलता आलं नव्हतं; बोलायला गेला की नजर बाजूला वळायची. ती आत्ता वळली होती की नाही, ते कोरलला दिसलं नाही. त्याच्या चेहऱ्याच्या जागी तिला डागच दिसत होता. तिने मान तिरकी करून कडेने पाहिलं, तर तोवर त्याने डोळे मिटले होते.

त्यानंतर तो अकरा दिवस जगला. घरीच. मंगळवारचा डॉक्टर रोज यायला लागला. शेवटचे दोन दिवस नेव्ह कोणाला ओळखत नव्हता आणि ट्रकवाल्यांना काट्यावर नीट उभं राहायला सांगत होता. टेगन शॉनाबरोबर आली, पण ती आली तोवर तो गेला होता. दारात जॉयस उभी होती, तिच्या चेहऱ्यावरूनच पोरीला कळलं.

अंत्यविधीला सगळं गाव होतं. चहाच्या वेळी सँडविच घेताना शॉना आईला म्हणाली, "माझी मुलगी रात्रीबेरात्री ओरडत उठते. तिला वाटतं, तिने आजोबांना मारलं. हे तू केलंस, मम." कोरलने प्लेट धरून ठेवली आणि मान डोलावली.

विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या तक्रार मंडळाकडे जॉयसने कोरलच्या वतीने अर्ज केला होता. नोव्हेंबरात, कापणीच्या ऐन गर्दीत, उत्तर आलं. जॉयसने ते स्वयंपाकघरात वाचून दाखवलं. भाषा नम्र होती. ग्राहकाच्या परिस्थितीबद्दल मंडळाला सहानुभूती होती, मात्र कंपनीने विचारलेल्या प्रश्नांना ग्राहकाने जाणूनबुजून चुकीची उत्तरं दिली होती, आणि कंपनीचा निर्णय योग्य होता.

"पुढे वाचू?" जॉयसने विचारलं.

"नको. तो जाणूनबुजूनचा भाग तेवढा पुन्हा वाच."

जॉयसने वाचला. मग कागदाची घडी घालून ती म्हणाली, "या लोकांना काय कळतंय?"

"कळतंय त्यांना," कोरल म्हणाली.

त्या रविवारी तिने स्वतः टेगनला फोन लावला. नंबर तिला पाठ होता. एरवी पोरगी उचलायची नाही, शॉनाच उचलायची. आज टेगनने उचलला. तिने एका सुपरमार्केटात नोकरी धरली होती, बसने जात होती. गाडी घेण्याचं तिने सोडून दिलं होतं. गाडीत पुढे बसतही नव्हती. जीलाँगला पाऊस होता. बेरूकला नव्हता. दोघींनी त्यावर थोडं बोलून घेतलं.

"टेगन," कोरल म्हणाली, "मंडळाचं पत्र आलंय. त्यांनी म्हटलंय की चूक माझी होती. तुझी नव्हती. लिहिलंय त्यांनी तसं. तुला वाचायचं असेल तर जॉयस पाठवेल."

पलीकडे पाऊस ऐकू येत होता, किंवा एखादं वाहन जात असेल.

"माहीत आहे, नॅन," टेगन म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, मायेचाही नव्हता. "मला कामावर जायचंय."

"जा," कोरल म्हणाली. "सांभाळून जा."

टेगनने फोन ठेवला. कोरल रिसीव्हर हातात धरून खुर्चीत बसून राहिली. बाहेर गव्हाचे ट्रक एकामागून एक फाटकाच्या दिशेने जात होते.